काजू बीचं सरासरी वजन आणि त्याचा विश्वास अंतराल: बारा बियांचं गणित

मार्च-एप्रिलात सिंधुदुर्गातल्या खळ्याखळ्यांत काजू बी वाळत पडलेली असते आणि भाव ठरवायची वेळ आली की खरेदीदाराचं वाक्य ठरलेलं असतं: "बी बारीक आसा, दर कमी गावतलो." बारीक म्हणजे नेमकी किती, हे दोघांपैकी कोणीच तोलून सांगत नाही. सांगायचं म्हटलं तरी सोपं नाही. एक बी साडेसात ग्रॅमची धरली तर पन्नास किलोच्या गोणीत साडेसहा हजारांवर बिया भरतात. एवढ्या एकेक करून तोलायला कोण बसणार? मग आपण थोड्या बिया घेतो, त्यांची सरासरी काढतो आणि तीच गोणीची म्हणून सांगतो. दुसऱ्याने दुसऱ्या बिया उचलल्या की त्याची सरासरी वेगळी येते आणि वाद होता तिथेच राहतो.

हा फरक हिशेबात धरून उत्तर द्यायची रीत म्हणजे विश्वास अंतराल. कॉलेजात याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. "सरासरी ७.५ ग्रॅम" असं एका आकड्यावर बोट ठेवण्याऐवजी "७.१४ ते ७.८६ ग्रॅमच्या दरम्यान" असा पट्टा द्यायचा आणि हा पट्टा काढायची रीत किती वेळा बरोबर ठरते तेही सांगायचं. साहित्य फार लागत नाही: ०.१ ग्रॅमपर्यंत वाचणारा छोटा डिजिटल काटा, कागद-पेन, वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर आणि टी तक्त्यातली एक ओळ. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ गोणीपाशीच जायला हवा. तिथे घाई केली तर पुढचं गणित कितीही चोख असो, उत्तर दुसऱ्याच कुठल्या तरी गोणीचं येतं.

कोणी म्हणेल, एक किलो बी तोलावी, बिया मोजाव्यात, १३३ भरल्या की भागाकार करून मोकळं व्हावं. सरासरी मिळेल, खरीच मिळेल. पण एक बी दुसरीपेक्षा किती वेगळी आहे याचा पत्ता त्यातून लागत नाही, आणि अंतराल उभा असतो तो त्या वेगळेपणावरच. आठ-दहा वेगवेगळे किलो मोजले तर त्या आठ-दहा आकड्यांवरून अंतराल काढता येतो. एका किलोवरून नाही.

आधी ठरवा: सरासरी कशाची हवी?

या एका गोणीची, तुमच्या अख्ख्या बागेची, की वेंगुर्ला-४ या जातीची? संख्याशास्त्रात ज्याला समष्टी म्हणतात ती हीच, आणि ती वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावी. गोणीतून काढलेला नमुना गोणीबद्दलच बोलतो. बागेबद्दल बोलायचं असेल तर बऱ्याच झाडांखालची बी हवी. घराजवळच्या एकाच कलमाखालच्या बारा बिया घेतल्या तर त्या सख्ख्या बहिणी झाल्या. त्यांच्यातला फरक कमी दिसतो, अंतराल फसवा अरुंद येतो आणि बागेतल्या बाकीच्या झाडांचा त्यात कुठे मागमूस नसतो. तिथे प्रत्येक झाडाची सरासरी हा एक आकडा धरायचा. बारा झाडं तोलली तर आकडे बारा, मग प्रत्येक झाडाखालून कितीही बिया उचललेल्या असोत.

गावठी आणि कलमी बी एकाच गोणीत मिसळली असेल तर दोन्ही वेगळ्या करा आणि गणित दोनदा करा. वेंगुर्ला-४ ची बी साधारण ७.७ ग्रॅमची आणि वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमच्या घरातली, असं या जातींच्या माहितीत दिलेलं असतं. या दोन जातींची एकत्र सरासरी अशा वजनावर येते, ज्या वजनाची बी गोणीत क्वचितच सापडेल.

आपण इथे सोपी बाजू घेऊ: एक गोणी, एक जात, चांगली वाळलेली बी.

गोणीतून बारा बिया कशा काढायच्या

गोणीचं तोंड सोडून वरच्या मूठभर बिया घेऊ नका. टेम्पोत हादरे बसले की बारीक बी फटींतून खाली सरकते आणि मोठी वर येते. वरची मूठ म्हणजे गोणीची श्रीमंत बाजू. दुसरं म्हणजे आपला हात. डोळे मिटून घेतलं तरी बोटांना मोठी, टपोरी बी आधी लागते. "मी मुद्दाम निवडलं नाही" एवढ्याने नमुना यादृच्छिक (रँडम) होत नाही.

रीत अशी. खळ्यात ताडपत्री पसरा, गोणी रिकामी करा, खोऱ्याने दोन-तीनदा नीट खालीवर करा आणि ढीग करा. ढीग वरून दाबून चपटा करा आणि फळीने अधिक चिन्हासारखे चार वाटे पाडा. समोरासमोरचे दोन वाटे परत गोणीत भरा. उरलेले दोन मिसळून पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. दर वेळी माल निम्मा होतो. साडेसहा हजार बियांपासून सुरुवात केली तर नवव्या वेळी डझनाच्या आसपास बिया उरतात. उरतील त्या सगळ्या घ्यायच्या, तेरा असोत की अकरा. शेवटी "ही जरा पोचट वाटते" म्हणून एखादी बाजूला टाकली की आधीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. पोचट बी गोणीत आहे, तर ती सरासरीतही हवी.

बियांच्या वजनात ओलाव्याचा भाग मोठा असतो. त्यामुळे एक ढीग आजच वेचलेला आणि एक तीन उन्हं खाल्लेला, असं मिसळू नये. काटा वापरण्याआधी शून्यावर आणा आणि माहीत असलेलं एखादं वजन ठेवून तपासा. का, ते पुढे येईलच.

वजनं आणि सरासरी

उदाहरणासाठी धरा, बारा बियांची वजनं ग्रॅममध्ये अशी आली:

७.२, ८.१, ६.९, ७.८, ७.५, ८.४, ७.०, ७.६, ८.०, ६.६, ७.९, ७.०

बेरीज ९०.०. भागिले १२, म्हणजे सरासरी ७.५ ग्रॅम. इथवर शाळेतलं.

प्रमाण विचलन: इथे सावकाश चला

प्रत्येक बी सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा, चिन्हासकट:

−०.३, ०.६, −०.६, ०.३, ०, ०.९, −०.५, ०.१, ०.५, −०.९, ०.४, −०.५

यांची बेरीज शून्य यायलाच हवी. आली नाही तर वजाबाकी कुठेतरी चुकली आहे. पुढे जाऊ नका. आता प्रत्येकाचा वर्ग:

०.०९, ०.३६, ०.३६, ०.०९, ०, ०.८१, ०.२५, ०.०१, ०.२५, ०.८१, ०.१६, ०.२५

बेरीज ३.४४. तिला १२ ने नाही, ११ ने भागायचं: ३.४४ ÷ ११ = ०.३१२७. वर्गमूळ ०.५५९. हे झालं नमुन्याचं प्रमाण विचलन, ग्रॅममध्ये.

एक कमी का? गोणीची खरी सरासरी आपल्याला माहीत नाही, म्हणून अंतरं मोजली ती या बारा बियांच्याच सरासरीपासून. ती सरासरी या बियांच्या मधोमध बसलेली असल्याने अंतरं खऱ्यापेक्षा थोडी लहान पडतात. शिवाय वर पाहिलं तसं, अंतरांची बेरीज शून्यच होते. अकरा अंतरं कळली की बारावं आपोआप ठरतं. मोकळी अशी माहिती अकराच. याच अकराला डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात आणि तक्त्यात तोच आकडा लागणार आहे. १२ ने भागलं असतं तर विचलन ०.५३५ आलं असतं. फरक छोटा वाटतो, पण पाच बियांच्या नमुन्यात तो चांगलाच बोचतो.

स्टँडर्ड एरर

एका बीचं वजन साधारण ०.५६ ग्रॅमने इकडे-तिकडे होतं. बारा बियांची सरासरी तेवढी हलत नाही, कारण जड-हलक्या एकमेकींना सांभाळून घेतात. किती कमी हलते? बियांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत. √१२ = ३.४६४, म्हणून ०.५५९ ÷ ३.४६४ = ०.१६१ ग्रॅम. हीच सरासरीची स्टँडर्ड एरर. परीक्षेच्या पेपरात सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे: मुलं विचलनालाच टी ने गुणून मोकळी होतात.

टी तक्ता

९५ टक्के अंतरालासाठी दोन्ही बाजूंना अडीच-अडीच टक्के सोडायचे. ११ डिग्री ऑफ फ्रीडमच्या ओळीत त्या रकान्यात २.२०१ सापडतो. काही तक्त्यांत रकान्यावर ०.०५ लिहिलेलं असतं, काहींत ०.०२५. पहिला दोन्ही शेपट्या, म्हणजे दोन्ही बाजू मिळून, दुसरा एकाच शेपटीचा. तक्ता कोणता ते कळत नसेल तर शेवटच्या ओळीत पाहा. अनंत डिग्रीला १.९६ दिसला की तोच तुमचा रकाना.

पुस्तकात पाठ केलेला १.९६ सरळ का वापरायचा नाही? तो गोणीचं खरं विचलन माहीत असताना चालतो. आपण विचलनही बारा बियांवरूनच अंदाजलं आहे, त्या अंदाजाची अनिश्चितता वेगळी भरावी लागते. हे हिशेबात बसवलं विल्यम गॉसेट यांनी. ते डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होते, रोजचं काम लहान नमुन्यांशी, आणि १९०८ साली त्यांनी हा शोध 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. म्हणून आजही ते स्टुडंटचं टी. पाच डिग्रीला हा आकडा २.५७१ असतो, तीसला २.०४२, नमुना वाढत गेला की १.९६ कडे येत जातो. पेपरात समष्टीचं विचलन दिलेलं असेल तर मुकाट्याने १.९६ घ्या. खळ्यात ते कधीच दिलेलं नसतं. "नमुना तीसच्या वर असला की झेड" (म्हणजे टी ऐवजी १.९६) हा नियमही हातात कॅल्क्युलेटर नसतानाच्या काळातला. टी सगळीकडे चालतो, तोच वापरावा.

उत्तर

सरासरी ± टी × स्टँडर्ड एरर. म्हणजे ७.५ ± २.२०१ × ०.१६१४. गुणाकार ०.३५५. अंतराल: ७.१४ ते ७.८६ ग्रॅम. आकडे शेवटीच पूर्णांकित करा. मधल्या पायऱ्यांत एक-दोन दशांश स्थळं जास्त ठेवा.

व्यापारी भाषेत हवं तर १,००० ला दोन्ही टोकांनी भागा: किलोला १२७ ते १४० बिया. टोकं उलटी होतात, जड बी म्हणजे किलोला कमी नग, तेवढं ध्यानात ठेवा. आणि जातीची माहिती सांगते ते ७.७ ग्रॅम? ते पट्ट्याच्या आत आहे. तेव्हा या बारा बियांवरून "ही बी जातीला शोभत नाही" असं म्हणायला आधार नाही. "बरोबर ७.७ च आहे" हेही सिद्ध झालेलं नाही, ७.२ देखील त्याच पट्ट्यात आहे.

९० टक्के अंतराल हवा असेल तर टी १.७९६, पट्टा ७.२१ ते ७.७९. ९९ टक्क्यांना टी ३.१०६, पट्टा ७.०० ते ८.००. भरवसा वाढवला की पट्टा रुंदावतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. टक्केवारी आधी ठरवून लिहावी. उत्तर पाहून सोयीची निवडणं हा लबाडीचाच प्रकार.

स्प्रेडशीटमध्ये हेच काम क्षणात होतं. 'कॉन्फिडन्स डॉट टी' या फंक्शनला ०.०५, विचलन आणि १२ दिले की ०.३५५ मिळतो; तो सरासरीतून वजा करायचा आणि तिच्यात मिळवायचा. शेजारीच 'कॉन्फिडन्स डॉट नॉर्म' असतं, ते १.९६ वालं; ते घेतलं तर पट्टा ७.१८ ते ७.८२ असा उगाच अरुंद येईल. विचलनासाठीही शेवटी 'एस' असलेलं फंक्शन घ्या, 'पी' वालं पूर्ण संख्येने भागतं. तरी पहिल्यांदा हातानेच करा. आकडे हाताखालून गेले की चूक दिसते.

९५ टक्के म्हणजे काय, आणि काय नाही

गोणीतल्या ९५ टक्के बिया ७.१४ ते ७.८६ ग्रॅमच्या आहेत, असा अर्थ बहुतेक जण घेतात. वरच्या आकड्यांवरच तपासून पाहा. त्या पट्ट्यात ७.२, ७.८, ७.५ आणि ७.६ एवढ्याच बसतात. बारापैकी चार! अंतराल सरासरीचा आहे, बियांचा नाही. उद्या गोणीतून काढलेली एखादी बी कुठे असेल असं विचारलं तर पट्टा बराच रुंद, या आकड्यांवरून साधारण ६.२ ते ८.८ ग्रॅम येतो, आणि त्याचं सूत्र वेगळं.

खरा अर्थ रीतीबद्दलचा आहे. गावातल्या शंभर जणांनी याच गोणीतून स्वतंत्रपणे बारा-बारा बिया काढल्या आणि हेच गणित केलं, तर शंभर वेगवेगळे पट्टे येतील. त्यांतल्या साधारण पंच्याण्णव पट्ट्यांत गोणीची खरी सरासरी सापडेल, पाचांच्या हाती लागणार नाही. आपला पट्टा त्या पंच्याण्णवांतला की पाचांतला, हे आपल्याला कळत नाही. संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी १९३७ साली ही मांडणी केली ती याच सावधपणे: गोणीची सरासरी जिथल्या तिथे आहे, हलतो तो पट्टा.

पट्टा काय पकडत नाही

समजा काटा दर बीला ०.२ ग्रॅम जास्त दाखवतो. सरासरी ७.५ च्या जागी ७.७ येईल, विचलन मात्र तेच, पट्ट्याची रुंदीही तीच, आणि सगळं कसं छान दिसेल. अंतराल मोजतो तो फक्त "कोणत्या बारा बिया हाती लागल्या" या नशिबाचा भाग. काट्याची खोड, वरची मूठ, ओली बी यांतलं काहीच त्याला दिसत नाही. बिया वाढवल्या तर उलट चुकीच्या आकड्याभोवतीचा पट्टा आणखी घट्ट होतो.

यावर आपल्याकडे मोठा वाद होऊन गेला आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं, की मोजणीचा तुकडा फार लहान घेतला तर हेक्टरी उत्पादन फुगून दिसतं. कारण साधं: तुकड्याच्या कडेवरची रोपं कापणारे आतच धरतात, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडाच जास्त. असे शेकडो तुकडे कापले तरी ती फूग कमी होत नाही.

आकडा लिहिताना झालेली चूक मात्र थोडीफार दिसते. ८.४ च्या जागी ४.८ लिहिलं गेलं तर सरासरी ७.२ वर घसरते आणि पट्टा ६.६३ ते ७.७७ इतका फाकतो. पट्टा अपेक्षेपेक्षा रुंद आला की आधी वही पाहा. लहान नमुन्यात एखादा आकडा असा एकटा दूर पडला असेल तर ती बी पुन्हा तोला. वजन खरंच तेवढं असेल तर ठेवा आणि तसं लिहा. नमुना लहान असताना वजनं साधारण घंटाकृती पसरलेली असावीत, ही या रीतीची अट आहे. बारा आकडे एका रेघेवर टिंबांनी मांडले की डोळ्यालाच अंदाज येतो. नमुना वाढला की ही अट सैल होते.

किती बिया पुरे?

०.३५५ ग्रॅमची फट मोठी वाटत असेल आणि ०.२ ची हवी असेल तर: १.९६ × ०.५६ ÷ ०.२ = ५.४९, त्याचा वर्ग ३०.१, म्हणजे ३१ बिया. टी साठी दोन-चार जास्त धरून ३५ तोला. ०.१ ग्रॅमची फट हवी? १२१ बिया. फट निम्मी करायला माल चौपट लागतो. वर्गमुळाची ही किंमत आहे. गोणी मोठी की लहान याने यात फारसा फरक पडत नाही. नमुना एकूण मालाच्या पाच टक्क्यांच्या पुढे गेला तरच दुरुस्ती करतात, आणि साडेसहा हजारांत ३५ म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

दोन गोण्यांची तुलना

शेजारच्या गोणीतल्या बारा बियांची सरासरी ८.१ आणि स्टँडर्ड एरर ०.१७ आली असं धरा. तिचा पट्टा ७.७३ ते ८.४७. आपल्या पट्ट्याचं वरचं टोक ७.८६, म्हणजे दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. "चढतात, म्हणजे फरक नाही" असं लगेच म्हणू नका. पट्टा फरकाचाच काढायचा. फरक ०.६. दोन्ही स्टँडर्ड एररचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं की ०.२३४. दोन्ही नमुन्यांत विचलन जवळपास सारखं आहे, म्हणून डिग्री ११ + ११ = २२ आणि टी २.०७४. फरकाचा पट्टा ०.११ ते १.०९ ग्रॅम. शून्य त्यात नाही, तेव्हा दुसऱ्या गोणीची बी सरासरीने जड आहे असं म्हणता येतं. किती जड, हे बारा-बारा बियांत याहून नेमकं सांगता येणार नाही.